इंजिन क्षमता : शून्य

सायकलने ऑफिसला जायचं मी ठरवलं, तेव्हा घरात कुणीच विरोध केला नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता. डॉक्टर तर इतके खूश झाले की त्यांनी माझी एक गोळी कमी केली. औंध ते हिंजवडी, जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. वाकडच्या पुलाखाली मोटारी ज्या वेगाने सरकतात, त्याहून जास्त वेगाने माझे आजोबा टाळ वाजवत पंढरीला जायचे, त्यामुळे वेळेचा प्रश्न नव्हता. गुडघ्यांनी कुरकुरत का होईना पण होकार दिला होता. भाचा परदेशी जाताना त्याची चांगली गिअरवाली सायकल आमच्या गॅलरीत सोडून गेला होता. तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल काढले, हवा भरली आणि पन्नास मिनिटांत कंपनीच्या गेटसमोर हजर झालो.

"सर, गाडी कुठंय?" गेटवरच्या काकांनी विचारलं.

"ही काय."

काका माझ्या मागे बघायला लागले. बिचाऱ्यांना वाटलं, गाडी मागे कुठेतरी बंद पडली आणि मी कुणाची तरी सायकल मागून आलो.

"ही नाही सर. गाडी."

गाडी हीच, हे पटायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी वही उघडली. वहीत चार रकाने होते : फोर-व्हीलर, टू-व्हीलर, व्हिजिटर आणि मटेरियल. मी म्हटलं, टू-व्हीलरमध्ये लिहा, चाकं मोजून घ्या हवं तर. काका म्हणाले, नंबर सांगा. नंबर नव्हता. नंबराशिवाय टू-व्हीलरचा रकाना भरला तर त्यांचा सुपरवायझर त्यांना भरला असता. तोवर मागे सहा मोटारी हॉर्न वाजवायला लागल्या. शेवटी काकांनी माणुसकी दाखवली आणि सायकलची नोंद 'मटेरियल'मध्ये केली. वर्णन : लोखंडी. नग : एक.

ती मेहेरबानी केवढ्याला पडली, ते संध्याकाळी कळलं. मटेरियल आत आणणं सोपं असतं, पण बाहेर न्यायला गेटपास लागतो. गेटपासवर स्टोअर्सची सही लागते, आणि स्टोअर्स पाच वाजता बंद होतं. सव्वासहा वाजता मी ॲडमिनच्या मॅनेजरांना फोनवर समजावत होतो की ही सायकल माझीच आहे. ते शांतपणे विचारत होते, "रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?" मी म्हटलं रिटर्नेबल, उद्या सकाळी परत आणतो. तसं लिहून दिलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पाऊस होता म्हणून बसने गेलो, तर दुपारी ईमेल : 'आपण नेलेला एक नग अद्याप जमा झालेला नाही.'

लोक सायकल का चालवत नाहीत, यावर पुण्यात परिसंवाद भरतात. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या गावाला ते शोभतंही. कुणी रस्त्यांना दोष देतं, कुणी उन्हाला, कुणी नव्या पिढीच्या मांड्यांना. महापालिकेने २०१७ मध्ये सायकलींचा एक सविस्तर आराखडाही मंजूर केला. सायकल ट्रॅक आहेत, फक्त त्यांवर पाणीपुरीच्या गाड्या आणि आडव्या लावलेल्या स्कूटर असल्यामुळे ते दिसत नाहीत. पण सकाळी साडेआठला सायकलची किल्ली घ्यायची की गाडीची, हे ठरवताना माणसाच्या डोळ्यांसमोर रस्ता नसतोच. त्याच्या डोळ्यांसमोर गेट असतं, साहेब असतो आणि नऊची मीटिंग असते.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कारखाना १८६९ चा. सकाळचा भोंगा झाला की बोपोडीपासून सायकलींचा असा लोंढा यायचा की रस्त्यापलीकडे राहणाऱ्या नातेवाइकांना काही कळवायचं असेल तर पोस्टकार्ड टाकणं सोयीचं पडायचं. आम्हा पोरांना संध्याकाळी परतीचा लोंढा बघायला नेत. शेकडो माणसं, सगळ्यांच्या हँडलला एकसारखे डबे, सगळ्यांच्या उजव्या पायाला पँटची क्लिप. त्यात आपले वडील कोणते, ते आम्ही घंटीच्या आवाजावरून ओळखायचो आणि बऱ्याचदा भलत्याच कुणाला तरी हाक मारायचो.

ती माणसं पर्यावरणप्रेमी होती, असं मानायचं काही कारण नाही. संधी मिळताच त्यांनी स्कूटरसाठी नंबर लावले होते, आणि स्कूटरचा नंबर लागायला तेव्हा इतकी वर्षं जायची की मुलगा झाला म्हणून नंबर लावावा आणि मुलाच्या मुंजीला स्कूटर दारात यावी. पण तोवर ती माणसं सायकल चालवत होती, कारण कारखान्याने सायकल गृहीत धरली होती. आत पत्र्याची लांबलचक शेड होती. प्रत्येकाला नंबर, नंबराचा बिल्ला. वडिलांची ॲटलस सायकल ॲडव्हान्सवर घेतलेली. ॲडव्हान्स पगारातून दरमहा कापला जायचा, इतका थोडा थोडा की सायकल जुनी झाली तरी हप्ते तरुणच असायचे. आणि मुख्य म्हणजे फोरमनही सायकलवरच यायचा. फरक एवढाच की त्याच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर होतं, त्यामुळे त्याला पँटची क्लिप लागत नसे. ऑफिसर वर्ग ओळखायची तीच खूण. वडिलांनी अठ्ठावीस वर्षं सायकलची दांडी सोडली नाही आणि कारखान्याला दांडी मारली नाही.

पुढे आमच्या पिढीला मालकांनी वेगळं शिकवलं. नोकरीला लागलो तेव्हा सायकल. कायम झालो तेव्हा मोपेडचं कर्ज. सुपरवायझर झालो तेव्हा मोटारसायकल आणि पेट्रोल भत्ता. मॅनेजर झालो तेव्हा मोटारीची लीज. वरच्या पायरीवर चढलं की मागची पायरी कंपनी स्वतः काढून टाकते. कंपनीतल्या माणसाचं पद विचारायची गरज नसते, चाकं मोजली की पुरते. आता मॅनेजर सायकलवर आला तर लोकांना वाटतं, याला खाली ढकललाय किंवा याचे हप्ते थकलेत. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये दोघांनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?" एकाने तर कर्ज देऊ केलं.

पेट्रोल भत्त्याचं प्रकरण मी आपणहून ओढवून घेतलं. अकाउंट्समधल्या काकूंना म्हटलं, मी आता सायकलवर येतो, तर पेट्रोलऐवजी दुसरा काही भत्ता मिळेल का? काकू म्हणाल्या, "मिळेल की. बिल जोडा."

"कशाचं?"

"पेट्रोलचं."

मी म्हटलं, काकू, सायकल पेट्रोलवर चालत नाही, पोह्यांवर चालते. पोह्यांचं बिल चालेल का? काकूंनी खरोखर नियमावली काढून पाहिली. पोहे 'पाहुण्यांचा अल्पोपाहार' या शीर्षकाखाली येत होते आणि त्यासाठी पाहुण्याचं नाव लागत होतं. शेवटी त्यांनी ड्रॉवर उघडून मला दुसऱ्याच कुणाची तरी तीन पेट्रोलची बिलं देऊ केली. "सगळे असंच करतात हो." म्हणजे सायकल चालवल्याचे पैसे मिळवायला मला पेट्रोल जाळल्याचा पुरावा द्यायचा होता. त्या बाईंच्या मनात पाप नव्हतं. सिस्टीममध्ये रकाना नव्हता, एवढंच.

भाचा आइंडहोव्हनला असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "मामा, इथं कामावर येण्याजाण्याचे कंपनी किलोमीटरवर पैसे देते." नेदरलँड्समध्ये २०२४ पासून मालकाला किलोमीटरमागे २३ सेंटपर्यंत करमुक्त भत्ता देता येतो, आणि तो सायकलवाल्यालाही चालतो. शिवाय २०२० पासून कंपनीने सायकल वापरायला दिली, अगदी घरच्या भाजी-ब्रेडसाठीसुद्धा, तरी सायकलच्या किमतीच्या फक्त ७ टक्के रक्कम वर्षाच्या उत्पन्नात धरतात. मार्क रुट्टे पंतप्रधान असताना कार्यालयात सायकलवर जायचे, ते फोटो आपणही पाहिलेत. "मग तुमच्या डायरेक्टरला कुणी विचारत नाही का, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून?" मी विचारलं. भाच्याला प्रश्न कळला नाही. परदेशात राहून मराठी बिघडतं, ते असं.

आपल्याकडे सायकलचा भत्ता नाहीच, असं मात्र कुणी म्हणू नये. केंद्र सरकारचा होता आणि आहे. सातव्या वेतन आयोगाने तो बंद करायला सांगितला होता. सरकारने ते ऐकलं नाही. पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यासाठी तो चालू ठेवला, आणि २०१७ मध्ये दणक्यात दुप्पट केला : महिना ९० रुपयांवरून १८० रुपये. भाच्याच्या हिशेबाने १८० रुपये म्हणजे आइंडहोव्हनचे दहा किलोमीटरसुद्धा नाहीत. आमचा पोस्टमन तेवढं अंतर पहिल्याच दिवशी दुपारच्या जेवणाआधी संपवतो, उरलेला महिना तो देशसेवा म्हणून पॅडल मारतो. वडिलांचा तो सायकल ॲडव्हान्स मात्र गेला. २०१६ मध्ये केंद्राने बिनव्याजी ॲडव्हान्सेसची जी छाटणी केली, तीत सायकलचा, सणाचा आणि गरम कपड्यांचा असे तिन्ही एका फटक्यात गेले. म्हणजे सायकल, दिवाळी आणि स्वेटर, तिन्हींची सोय आता ज्याची त्याने करायची.

घामाबद्दलही बोलायला हवं. घाम गाळणाऱ्या कर्मचाऱ्यांमुळेच कंपनी उभी आहे, असं आमचे चेअरमन दरवर्षी स्नेहसंमेलनात सांगतात. पण तो घाम त्यांना अलंकारिक अर्थाने हवा असतो. खरा घाम शर्टाच्या पाठीवर नकाशा काढून नऊच्या मीटिंगमध्ये आला, की शेजारची खुर्ची हळूच सरकते. माझ्या पाठीवर साधारण श्रीलंका उमटायची. आंघोळीची सोय होती, नाही असं नाही. तळघरात जिम आहे, तिथे शॉवर आहे आणि चार व्यायामाच्या सायकली आहेत. त्या जागेवरून हलत नाहीत, त्यामुळे त्यांना गेटपास लागत नाही. लोक मोटारीने येतात, एसीत तासभर त्या सायकली मारतात, आंघोळ करतात आणि ताजेतवाने मीटिंगला बसतात. मी आंघोळीला गेलो तेव्हा जिमच्या मुलाने अडवलं. शॉवर फक्त जिममध्ये व्यायाम केलेल्यांना. "बाहेर केलेला व्यायाम आपल्याकडे धरत नाहीत सर."

सायकलचा आणखी एक तोटा मला कुणी आधी सांगितला नव्हता. तिच्यामुळे माणूस वेळेवर पोचतो. पुण्यात 'ट्रॅफिक होतं' यातला तीन अक्षरी मंत्र आणि एक क्रियापद मिळून सगळ्या पापांचं क्षालन करतात. साहेब स्वतः त्याच ट्रॅफिकमधून आलेला असतो, त्यामुळे त्याचा चेहरा लगेच मायाळू होतो. "भूमकर चौक ना? अरे, काय सांगू!" आणि पुढची दहा मिनिटं त्यावर चर्चा. एकदा माझं चाक पंक्चर झालं आणि मी बारा मिनिटं उशिरा पोचलो. मी खरं कारण सांगितलं. मीटिंगमध्ये शांतता पसरली. साहेब म्हणाले, "पण हे तुम्ही स्वतःहून निवडलंय ना?"

एचआरच्या मॅडमना मात्र सायकलीचं प्रेम होतं, वर्षातून एक दिवस. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवलाय. तारीख ठरवणाऱ्यांनी पंचांग बघितलेलं नसावं, कारण तेव्हा आपल्याकडे रोहिण्या संपत आलेल्या असतात आणि मृग दारात उभा असतो. अंग उन्हाने तरी निथळतं नाहीतर वळवाने. तरी सायकल-टू-वर्क डे झोकात झाला. हिरवे टी-शर्ट वाटले, फुग्यांची कमान उभी राहिली, सेल्फी पॉइंट झाला. अकरा सायकली आल्या, त्यांतल्या आठ एसयूव्हीच्या टपावर बांधून. गेटपासून कमानीपर्यंत सगळ्यांनी हात हलवत सायकल मारली. मी औंधहून आलो होतो, पण टी-शर्ट आधी घेतला नव्हता म्हणून ग्रुप फोटोत मला कडेला उभं केलं. २०२० साली याच ३ जूनला ॲटलस कंपनीने आपल्या शेवटच्या चालू कारखान्याच्या, साहिबाबादच्या, दारावर काम बंदची नोटीस लावली होती. वडिलांची सायकल त्याच कंपनीची. मला ते फोटोच्या वेळी आठवलं, पण फोटोग्राफर 'स्माइल' म्हणाला.

मग लीजची नवी योजना आली. ऑनलाइन फॉर्म भरा, आवडीचं वाहन निवडा, हप्ता पगारातून जाईल. सायकल ॲडव्हान्सचा नातूच म्हणा. भाच्याची सायकल परत मागितली जायच्या आत आपली घ्यावी, म्हणून मी फॉर्म उघडला. मेक आणि मॉडेल भरलं. पुढे 'इंजिन क्षमता (सीसी)' असा लाल चांदणी लावलेला रकाना. मी प्रामाणिकपणे शून्य टाकलं. सिस्टीम म्हणाली, 'कृपया योग्य संख्या भरा.' एक टाकून पाहिला, दहा टाकून पाहिले. शेवटी वैतागून आयटीच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "सर, १६०० टाका, बाय डिफॉल्ट जातं." आयकराच्या नियमांत कंपनीच्या मोटारीचे दोन वर्ग असतात, १.६ लिटरपर्यंतचं इंजिन आणि त्याहून मोठं, हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही तेव्हा नव्हतं. मी १६०० टाकलं. फॉर्म गेला.

आठवड्याने टेबलावर एक पाकीट आलं. आत फोर-व्हीलरचा स्टिकर आणि जागेचं पत्र : तळघर, बी-१७.

सायकलला तो स्टिकर लावायला जागा सापडेना, तेव्हा मडगार्डला गुंडाळला. दुसऱ्या दिवशी गेटवर काकांनी स्टिकर पाहिला, वही उघडली, फोर-व्हीलरच्या रकान्यात नोंद केली आणि सलाम ठोकला. त्यांनी सायकलला ठोकला नाही, मलाही नाही, स्टिकरला ठोकला. मी उतारावरून थाटात तळघरात गेलो आणि अडीच मीटर बाय पाच मीटरच्या जागेच्या मधोमध सायकल घोड्यावर लावली. डावीकडे आमच्या व्हाइस प्रेसिडेंटांची पांढरी गाडी, उजवीकडे फायनान्सच्या साहेबांची काळी. सायकल अगदी हळदीकुंकवाला आलेल्या गरीब जावेसारखी अंग चोरून उभी होती.

तिसऱ्या दिवशी ॲडमिनचे मॅनेजर माझ्या टेबलाशी आले. बसलेसुद्धा. "सर, ते बी-१७ चं काय करायचं?" तळघरात मोटारींना जागा पुरत नव्हती. चौदा माणसांची वेटिंग लिस्ट होती आणि तीत नवे सेल्स हेडही होते. रोज सकाळी ते दोन चकरा मारून बी-१७ समोर थांबायचे, काच खाली करून सायकलकडे बघायचे आणि गाडी बाहेर रस्त्यावर लावून यायचे. मी म्हटलं, पत्र आहे माझ्याकडे. मॅनेजर म्हणाले, "नाही, नाही, हक्क तुमचाच आहे. पण सर... तुम्हाला काय पाहिजे, ते सांगा."

तीन महिने मी सायकलच्या सोयींसाठी विनंत्या केल्या होत्या. आरोग्य सांगितलं, इंधनबचत सांगितली, नेदरलँड्स सांगितलं, त्यावर हिरवा टी-शर्ट मिळाला होता. आता एक मोटार उन्हात उभी राहिली आणि दोन आठवड्यांत गेटच्या आत पत्र्याची शेड उभी राहिली. सहा सायकलींचा स्टँड, कुलूप लावायला सळई. शॉवरसाठी जिमच्या मुलाला लेखी आदेश गेला की बाहेर केलेला व्यायामही धरावा. वहीत काकांनी पट्टीने रेघ मारून पाचवा रकाना आखला. मी बी-१७ चा स्टिकर परत केला, जरा जड मनानेच.

शेड सोमवारी सुरू झाली. मी नऊला दहा कमी असताना पोचलो आणि बघतो तर सहाच्या सहा जागा भरलेल्या. गिअरची एकही नव्हती. एकीच्या हँडलला कापडी पिशवीत डबा, एकीच्या कॅरिअरला रबरी नळीने बांधलेला खराटा, एकीची सीट प्लास्टिकच्या पिशवीने झाकलेली. मी काकांकडे पाहिलं.

"हाउसकीपिंगच्या दोघींच्या आहेत सर. दोन माळ्यांच्या. एक कँटीनच्या पोराची." आणि सहावी? काका जरा ओशाळले. "माझी आहे." ते माणहून रोज येतात, नऊ वर्षं. इतके दिवस या सगळ्या सायकली बाहेर चहाच्या टपरीमागे बाभळीला साखळीने बांधलेल्या असायच्या, कारण ही माणसं ठेकेदाराची आणि ठेकेदाराच्या माणसाचं वाहन आत घ्यायचा नियम नाही. एचआरने गेल्या वर्षी सर्व्हे केला होता, आपल्याकडे सायकलवर किती लोक येतात म्हणून. उत्तर शून्य आलं होतं. त्यावरूनच तर टी-शर्टची कल्पना निघाली.

"आता रकाना केलाय तर म्हटलं आत घेऊ," काका म्हणाले. "तुमची लावायची का सर? माझी काढतो."

मी नको म्हटलं. टपरीमागच्या बाभळीला बांधायला माझ्याकडे साखळी नव्हती, ती चहावाल्याकडून मागून घेतली. त्याने त्यासाठी एक चहा प्यायला लावला. मीटिंगमध्ये पोचलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सॉरी सर," मी म्हटलं. "पार्किंगला जागाच मिळाली नाही."

साहेबांचा चेहरा एकदम मायाळू झाला. "अरे, काय सांगू!" ते म्हणाले, आणि त्यांनी शेजारची खुर्ची माझ्यासाठी पुढे ओढली.